खालची ओळ

पनवेलच्या टपाल नाक्यामागे, चपलांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर जी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासनेला जमते, तिच्याकडे एक वही आहे. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, लांबट, शाळेत हजेरीचा कॅटलॉग असतो तशी. तिचं नाव साक्षवही. प्रभूने कुणाला बरं केलं, कुणाचं संकट टाळलं, तर त्या माणसाने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची, हे सगळ्याच मंडळ्यांत चालतं. या मंडळीत मात्र आजारातून बरं झाल्याची साक्ष नुसती तोंडी चालत नाही. आधी डॉक्टरचा कागद आणायचा, तो जाणत्या माणसाने वाचायचा, काय दिसलं ते वहीत आपल्या हाताने लिहायचं, सही करायची, आणि मगच ती साक्ष सगळ्यांपुढे वाचायची. असली उठाठेव दुसऱ्या कुठल्या मंडळीने केल्याचं ऐकिवात नाही. एका पाहुण्या उपदेशकाने तर तोंडावरच विचारलं होतं, तुम्ही देवाची परीक्षा घेता की काय. तेव्हा मंडळीचं काम बघणारे सत्यजीत सर शांतपणे म्हणाले होते, "देवाची नाही हो, आमची घेतो. आम्हाला फुगवून सांगायची सवय आहे."

वहीची कल्पना सरांचीच. आणि गेली अकरा वर्षं त्या वहीत जाणतं माणूस म्हणून सही करत होती किशोरी साळवे.

किशोरी पनवेलच्याच एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त, लघवी, थुंकी, यांत तिचा दिवस जायचा, आणि तिला त्याचा अजिबात कंटाळा नव्हता. कुणी नाक मुरडलं तर ती म्हणायची, माणूस तोंडाने खोटं बोलतो, थुंकी बोलत नाही. वय अडतीस, लग्न केलं नव्हतं, आई गेल्यापासून एकटी राहायची. तिच्या आयुष्यात भक्कम म्हणावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे सर.

सरांनी तिला आठवीपासून दहावीपर्यंत विज्ञान शिकवलं, आणि रविवारच्या शाळेत वचनंही त्यांनीच शिकवली. दोन्हीकडे खडू तोच आणि आवाजही तोच. वडाळे तलावाचं पाणी बाटलीत भरून आणायचं, शाळेचा मायक्रोस्कोप मंडळीच्या हॉलमध्ये आणून मांडायचा, आणि मुलांना सांगायचं, बघा, याची मोजदाद कुणी ठेवली असेल. प्रयोगवहीच्या बाबतीत सर कर्दनकाळ होते. पानावर व्हाइटनर दिसला की वही खिडकीतून बाहेर जायची. मग तास संपल्यावर स्वतःच खाली जाऊन ती उचलून आणायचे, धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "चुकलं तर एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. आपण चुकलो होतो हेही खरंच आहे ना, मग ते लपवायचं कशाला?"

लॅबचा कोर्स करताना किशोरीचं डोकं एकदा पार भंजाळलं होतं. वर्गात उत्क्रांती शिकवली, आणि त्याच आठवड्यात कुठल्याशा शिबिरात कुणी गरजून सांगितलं की हे सैतानाचं शिक्षण आहे, एकाची निवड करा. ती रडत सरांकडे गेली. मार्थाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तिच्यापुढे चहा ठेवला, आणि सर म्हणाले, "खरं शोधत निघालेल्या माणसाला देव अडवत नाही, किशोरी. वाटेत तुला जुनी हाडं सापडू देत नाहीतर जंतू सापडू देत, तो तिथे आधीच पोचलेला असतो. त्याला काय नवीन कळणार आहे? तू बिनधास्त बघ. फक्त पूर्ण बघ."

त्या एका बोलण्यावर किशोरी पुढची सतरा वर्षं निश्चिंत जगली. लॅबमधले डॉक्टर तिला चिडवायचे, प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला हे तुम्ही लोक अजून मानता ना. ती म्हणायची, मानते, आणि तुमच्या मशीनने चुकीची साखर दाखवली तर तेही मीच पकडते. तिला श्रद्धेचा आणि विज्ञानाचा असे दोन खिसे वेगळे ठेवावे लागले नाहीत, आणि याचा तिला अभिमान होता. थोडा जास्तच होता.

दोन वर्षांपूर्वी मार्थाबाई गेल्या. पोटाचा कर्करोग. सगळे उपचार झाले, सगळी मंडळी गुडघ्यावर बसली, सरांनी चाळीस दिवस एक वेळ जेवून प्रार्थना केली. रिपोर्ट किशोरीच आणून द्यायची, आणि दर वेळी सर ते कागद दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवायचे. दफनाच्या दिवशीही ते रडले नाहीत. लोक म्हणाले, केवढा विश्वास. किशोरीही तेच म्हणाली.

मग प्रितमचं दुखणं आलं. प्रितम ठाकूर गव्हाणचा, आगरी घरातला, बंदरावर ट्रेलर चालवायचा. बायको समीक्षा ख्रिस्ती, या मंडळीत वाढलेली. लग्नानंतर तिच्यासोबत तो रविवारी यायला लागला आणि कुणी न सांगता ढोलकीवर बसला. त्याच्या हाताला असा ताल होता की म्हाताऱ्या बायकाही पायाने ठेका धरायच्या. त्याला क्षयरोग निघाला तेव्हा किशोरीने स्वतः त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करून दिल्या. सहा महिन्यांचा कोर्स.

दोन महिने झाले, आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात मंडळीने प्रितमसाठी तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवली. नंतर त्याची थुंकी किशोरीच्या लॅबमध्ये आली. तिने स्लाइड रंगवली, शंभर ठिकाणी फिरवून पाहिली. एकही जंतू नाही. तिला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. दोन महिन्यांत थुंकी साफ होते, गोळ्या लागू पडल्याची ती खूण असते. आत दडून बसलेले जंतू मारायला पुढचे चार महिने लागतात. शनिवारी सर वही घेऊन लॅबमध्येच आले, तिने जेवणाच्या डब्याशेजारी वही उघडली आणि ठळक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या.

'प्रितम ठाकूर यांच्या थुंकीत आज क्षयाचे जंतू आढळले नाहीत.'

'हा चालू गोळ्यांचा परिणाम आहे, आजार पूर्ण गेलेला नाही, उरलेले चार महिने गोळ्या घेणं आवश्यक.'

समोरच्या रकान्यात सही. गोळ्यांचा परिणाम, म्हणजे देवाचा नव्हे, असं तिच्या मनातही आलं नाही. त्यातलं एक औषध मातीतल्या जंतूपासून निघालं हे तिला ठाऊक होतं, आणि ते मातीत कुणी ठेवलं याबद्दलही तिला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती उपासनेला नव्हती. उरणजवळ मोऱ्याला, कोळीवाड्यात, रक्ततपासणीचं शिबिर होतं, तिथे तिची ड्यूटी लागली. पुढच्या रविवारी गेली तर सगळे तिचा हात धरून बोलत होते. किशोरीताई, तुझी सही सरांनी सगळ्यांना दाखवली. किशोरीताई, विज्ञानालाही मान्य करावं लागलं बघ. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोलायचं. ढोलकी वाजवताना प्रितमचे गाल भरलेले दिसत होते. गोळ्या घेतोयस ना, असं तिने विचारलं नाही. ते तर ती लिहूनच बसली होती, आणि लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं असणार असं ती धरून चालली. असे सहा रविवार गेले.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, थुंकीच्या डब्यांच्या रांगेत प्रितमचं नाव आलं. पाठवणाऱ्या डॉक्टरने कारण लिहिलं होतं, पुन्हा ताप आणि खोकला. किशोरीने स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. निळ्या जमिनीवर लाल काड्या, क्षयाचे जंतू. एक नाही, दोन नाही, नजर जाईल तिथे. तिने उठून तोंडावर पाणी मारलं, दुसरी स्लाइड केली. तीही तशीच.

तिने हाफ डे टाकला आणि स्कूटी काढून गव्हाणला गेली. उरण रोडला ट्रेलरांची रांग लागली होती, त्यांच्या कडेकडेने जीव मुठीत धरून गेली. मनात एकच घोकत होती, औषधाला दाद न देणारा जंतू असेल, दुसरं काय असणार.

प्रितम ओटीवर पलंगावर पडला होता. पलंगाला टेकून त्याची तीन वर्षांची मुलगी रिया बाहुलीला जेवू घालत होती आणि मधूनच खोकत होती. आतून त्याची आई गुणाबाई पदराला हात पुसत आली. गुणाबाई कधी मंडळीत गेली नाही. तिची देवी गावात, तिचं गाऱ्हाणं तिथेच.

"गोळ्या वेळेवर घेत होतास ना?" किशोरीने मास्क चढवत विचारलं.

प्रितमला प्रश्नच कळला नसावा. मग म्हणाला, "गोल्या? त्या तर बंद केल्या ना ताई. साक्ष झाली त्याच दिसापासून."

"बंद केल्या? कुणी सांगितलं?"

"सर बोलले ना. पुढं उभं राहून बोलले, जंतू नाय, पूर्ण साफ, देवानं हात फिरवला. दवाखान्यातून फोन येत व्हते, मी सांगतलं गावाला गेलोय." त्याला खोकल्याची उबळ आली. "आन ताई, सरांचं एकट्याचं ऐकून मी नसत्या बंद केल्या. सर देवमाणूस हाय, पन डाक्टर नाय. मी वही बगितली. तुमची सही व्हती. सही बगितली, मंग बंद केल्या."

"मी खाली लिहिलं होतं, प्रितम. चार महिने घ्यायच्या म्हणून लिहिलं होतं."

"खाली काय नव्हतं, ताई. माझ्या डोल्यानं बगितलं."

गुणाबाई उंबऱ्यात उभी होती. ती भांडायला आली नव्हती, पण तिचा आवाज ऐकून किशोरीला ती भांडली असती तर बरं असं वाटलं. "बाय, आमच्या गावचा भगत बी आता पयला इचारतो, डाक्टरकडं गेलास काय. अंगारा देतो, पन गोली सोडू नको सांगतो. तुमी तर शिकली सवरली मानसं. तुमाला कसं नाय कललं?"

किशोरीने रियाला मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला. अंग कोमट होतं.

तिने त्याच दुपारी प्रितम, समीक्षा आणि रिया, तिघांना दवाखान्यात नेलं. प्रितमच्या गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या. जंतू औषधाला दाद देणारेच होते, एवढी दया झाली. रियाच्या छातीच्या एक्स-रे फोटोत उजवीकडे डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, बरी होईल, पण सहा महिने हिलाही. समीक्षा तो फोटो उजेडाकडे धरून उभी राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती बघत होती.

शनिवारी संध्याकाळी किशोरी सरांकडे गेली. वडाळे तलावाजवळच्या जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. सरांनी दार उघडलं, नेहमीसारखं म्हणाले, "ये बाळ." तिने चपला काढल्या नाहीत.

"सर, साक्षवही द्या."

सरांनी का म्हणून विचारलं नाही. तिथेच तिला निम्मं कळून चुकलं. त्यांनी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. किशोरीने पान काढलं. पहिली ओळ होती. शेजारी तिची सही होती. दुसऱ्या ओळीच्या जागी पांढरा पट्टा होता, अगदी सरळ, पट्टी लावून मारल्यासारखा. सुकून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या.

वहीला हात लावणारी माणसं दोनच. तरी तिने विचारलं, कारण अजून कुठेतरी तिला वाटत होतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी काम निघेल. "हे कुणी केलं?"

"मी."

"प्रितमला पुन्हा झालंय. रियालाही झालंय, सर. तीन वर्षांच्या पोरीला."

सरांनी डोळे मिटले. "समीक्षाने फोन केला होता."

"का केलंत?"

त्यांनी टेबलावरच्या मार्थाबाईंच्या फोटोकडे बघितलं. मग बोलले, वर्गात बोलायचे तसे, सावकाश. "अकरा वर्षांत या वहीत किती साक्षी झाल्या, माहीत आहे तुला? एकोणीस. त्या प्रत्येकीच्या खाली तुझी एक ओळ आहे. ऑपरेशन झालं होतं. औषध चालू होतं. हा आजार कधीकधी आपोआप बरा होतो. खरं आहे, सगळं खरं आहे. मीच शिकवलं तुला. पण मार्था गेल्यावर मी ही वही घेऊन बसायचो, रोज बसायचो. एक तरी साक्ष सापडावी, किशोरी, जिच्या खाली काही लिहिलेलं नाही. एकच. म्हणजे मला कळलं असतं की तो ऐकतो, आणि तिच्या वेळी काही कारणाने नाही म्हणाला."

किशोरीला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. "मग माझ्याकडे कशाला आलात? माझ्या सहीशिवाय वाचायचं होतं. तुमचा शब्द कुणी मोडला असता?"

"तुझ्या सहीशिवाय कुणी मानलं नसतं. मीही मानलं नसतं."

म्हणजे ज्या हाताने खालची ओळ बुजवली, त्याच हाताने वरची सही जपून ठेवली. तिची अकरा वर्षांची खरं बोलण्याची सवय त्यांनी उसनी न मागता वापरली होती. किशोरीला बाप लवकर गेल्याचं फारसं आठवत नव्हतं. आज सरांच्या घरात उभं राहून तिला पहिल्यांदा पोरकं वाटलं, पक्कं पोरकं.

"उद्या उपासनेत तुम्ही सांगणार," ती म्हणाली. "दोन्ही ओळी वाचणार. आणि हे कुणी केलं तेही."

"सांगतो. मीच सांगतो. तू काही बोलू नकोस, तुला त्रास नको."

त्यांनी डोक्यावर हात ठेवायला उचलला, ती मागे सरली.

रविवारी हॉल भरलेला होता. प्रितमची बातमी सगळ्यांना कळलीच होती, ढोलकी कोपऱ्यात कपडा घालून ठेवलेली. पाळक पुण्याहून महिन्यातून दोनदा येत, हा त्यांचा रविवार नव्हता, त्यामुळे पुढे सरच उभे होते. समीक्षा मागच्या रांगेत एकटी. किशोरी तिसऱ्या रांगेत. एका बाजूने तिला वाटत होतं, सर बोलतील. काहीही झालं तरी ते सर आहेत.

सरांनी वही उघडली. चष्मा पुसला. म्हणाले, "भावांनो आणि बहिणींनो, आपला प्रितम पुन्हा आजारी आहे. त्याच्या साक्षीबद्दल मला काही सांगायचं आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला, हॉलमधल्या एकेका तोंडाकडे बघितलं. ही सगळी तोंडं तीस वर्षं त्यांच्याकडे मान वर करून बघत आलेली. "साक्ष पडताळताना एक गोष्ट लिहायची राहून गेली. गोळ्या चालू ठेवायला हव्या होत्या. आपल्या किशोरीकडून थोडी गफलत झाली. माणूस आहे, कामाचा ताण असतो. तिला कुणी दोष देऊ नये. आपण प्रितमसाठी, लहान रियासाठी, आणि किशोरीसाठीही प्रार्थना करू. डोळे मिटा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारच्या मनस्वीकाकूंनी तर मायेने किशोरीच्या पाठीवर हात ठेवला.

किशोरीने डोळे मिटले नाहीत. आत काहीतरी इतकं मोठं मोडलं की क्षणभर तिला दुखलंही नाही. काल त्यांनी चोरी कबूल केली होती, आज ती तिच्या पदरात टाकली, वर प्रार्थनाही केली. समोर सर शब्दांमागून शब्द म्हणत होते, सुंदर, ओघवते, आणि त्यांचेही डोळे उघडे होते. दोघांची नजर भेटली. सरांचे शब्द अडखळले, पण थांबले नाहीत.

ती उठली. वाकलेल्या माथ्यांमधून चालत पुढे गेली, स्टँडवरची वही स्वतःकडे ओढली, आणि अंगठ्याच्या नखाने तो पांढरा पट्टा खरवडायला लागली. आवाज अगदी बारीक होता, पण प्रार्थनेच्या शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. खपल्या निघून तिच्या साडीवर पडत होत्या. खालची शाई कुठे पुसट झाली होती, कुठे तशीच होती. लोकांनी आमेनची वाट न बघता एकेक करून डोळे उघडले.

तिने पहिली ओळ वाचली. मग दुसरी, बोट ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत.

"हे मी त्याच दिवशी लिहिलं होतं," ती म्हणाली. "वरचा व्हाइटनर माझा नाही. तो सरांनी लावला. काल त्यांनी मला तसं सांगितलं."

कुणीतरी पुटपुटलं, ताई, इथे नको. कुणी सरांकडे बघितलं. सर काही बोलतील म्हणून सगळा हॉल थांबला होता, आणि सर खाली बसले. ते नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. मग एका जाणत्या गृहस्थाने खाकरून गाणं सुरू केलं, अशा वेळी हाताशी असतं ते एखादं, आणि लोक सुटल्यासारखे त्यात शिरले. ढोलकी नव्हती. गाणं दोनदा तालातून घसरलं.

त्या गलक्यातच समीक्षा पुढे आली. तिने वहीत वाकून दुसरी ओळ स्वतः वाचली. किशोरीला वाटलं, आता ही गळ्यात पडेल.

"ताई, त्या रविवारी तुम्ही नव्हता," समीक्षा म्हणाली. "मान्य. पण नंतरचे सहा रविवार होता ना? मी तुमच्या मागच्याच रांगेत बसत होते. रिया तुमच्या मांडीवर यायची. एकदा तरी विचारायचं होतं."

किशोरीचा सरांवरचा राग खरा होता, पण त्याच्या आड लपण्याइतका मोठा नव्हता. समीक्षा निघून गेली. किशोरीने पर्समधलं पेन काढलं, आपल्या सहीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख घातली. एवढं सरांनी शिकवलेलंच होतं. वही स्टँडवर उघडीच ठेवून ती जिना उतरली.

मंडळी अजून भरते. साक्षवही आता कुणी काढत नाही, सगळं तोंडी चालतं. लोक सरांशी पूर्वीइतक्याच आदराने बोलतात, फक्त जरा लवकर निरोप घेतात. किशोरीला मात्र कुणी काही बोलत नाही. ती हल्ली जातच नाही.

ती रोज सकाळी गव्हाणला जाते. लॅब उघडायच्या आधी, सात वाजता, प्रितमने आणि रियाने गोळ्या गिळलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. दवाखान्यानेच तिचं नाव तसं लावून घेतलं. पहिल्या आठवड्यात गुणाबाईने तिला पाणीही विचारलं नाही. आता चहा देते, कप समोर ठेवते आणि आत जाते.

परवा समीक्षा म्हणाली, "ताई, गोळ्यांच्या आधी दोन शब्द प्रार्थना करता?" किशोरीने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि गप्प राहिली. प्रार्थना तिला सरांनीच शिकवली होती, एकेका शब्दाला त्यांचा आवाज होता. देव कुठे गेलेला नाही हे तिला माहीत होतं. स्लाइडवर डोळा लावताना ती अजूनही आधी त्याचंच नाव घ्यायची. पण मोठ्याने बोलायची तिची वाट सरांच्या अंगणातून जात होती, आणि त्या अंगणात पाय ठेववत नव्हता. समीक्षाने थोडी वाट बघितली, मग स्वतःच हळू आवाजात चार वाक्यं म्हटली. ओबडधोबड होती, पण तिची होती. किशोरी आमेन म्हणाली.

मग प्रितमने हात पुढे केला नाही. तो रोजच करत नाही. "वाचा," तो म्हणाला.

किशोरीने गोळ्यांची पट्टी उजेडाकडे धरली आणि वाचली. औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, बॅच, बनवल्याची तारीख, संपायची तारीख, सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही.

"खाली?"

"खाली काही नाही, प्रितम."

"बगू."

त्याने पट्टी तिच्या हातातून घेतली, उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याने कडेपर्यंत चाचपून बघितली. मग गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं. यात राग नव्हता. रोजचं काम उरकावं तसा तो हे करायचा, आणि किशोरीला राग परवडला असता.

रिया चमच्यात पाणी घेऊन बसली होती. तिची गोळी पाण्यात विरघळते, गोडसर लागते, तिला आवडते.

"तिचं बी वाचा, ताई," प्रितम म्हणाला. "पूर्ण वाचा."

किशोरीने रियाची पट्टी हातात घेतली आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली.